इब्राहिमचं पंपिंग

इब्राहिम मुलाणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बाकाखाली होता. कुरुळीची शाळा, पाचवीचा वर्ग, तास गणिताचा. मी वाकून विचारलं, खाली काय चाललंय, तर आतून उत्तर आलं, "बाई, बाकाचा पाय हलतोय. हलत असलं का मला गणित सुचत न्हाई." थोड्या वेळाने तो वर आला आणि बाक हलायचा थांबला. गणित त्यानंतरही फारसं सुचलं नाही, पण त्या वर्षी माझ्या वर्गातले सगळे बाक चारही पायांवर उभे होते.

पुढे तो आयटीआयला गेला आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत डाय फिटर म्हणून लागला. मोटारीच्या दाराचा पत्रा ज्या साच्यात दाबून काढतात त्या साच्याला डाय म्हणतात. एकेक डाय हत्तीच्या पिल्लाएवढी. ती प्रेसमध्ये बसवायची, घासायची, केसाइतकाही फरक राहणार नाही अशी जुळवायची, हे त्याचं काम. चार नंबरची प्रेस त्याच्याकडे होती. कागदोपत्री ती कंपनीची, पण शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, सगळे तिला 'मुलाणीची चार नंबर' म्हणत.

दोन हजार चार साली कंपनीने तिघांना दोन वर्षांसाठी ब्राझीलला पाठवलं. त्यात इब्राहिम होता. मुलगी फरहीन तेव्हा सहा महिन्यांची होती. तिकडे त्याला भाषा येईना, जेवण रुचेना. पण कारखान्याच्या फाटकासमोर एका म्हाताऱ्याची उसाच्या रसाची गाडी होती. इब्राहिमने चरखा पाहिला आणि त्याला चाकणच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. शिवाय चरख्याचा एक रोलर खडखडत होता. मग काय, रविवारी त्याने तो अख्खा चरखा सोडवला, नवं बेअरिंग बसवलं, रोलर जवळ घेतले. उसाचं चिपाड कागदासारखं कोरडं बाहेर पडायला लागलं. म्हातारा इतका खूश झाला की पुढची दोन वर्षं त्याने इब्राहिमला रोज दोन ग्लास रस पाजला.

आता हे एवढं मी का सांगते आहे, तर या रसातूनच सगळी गोष्ट निघाली. निदान इब्राहिमचं तरी तसं म्हणणं आहे.

बावीस सालच्या सुरुवातीला तो एक साधा बोल्ट आवळताना धापा टाकायला लागला. मग पायांवर सूज आली. चिंचवडच्या बाजूला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे निरंजन नावाचे एक तरुण डॉक्टर होते. चष्मा सतत नाकावरून घसरणारा, बोलणं भरभर. त्यांनी तपासून सांगितलं की हृदयाचं पंपिंग एकोणतीस टक्क्यांवर आलंय, चांगल्या माणसाचं साठाच्या आसपास असतं. शिरांमध्ये अडथळा कुठेच नाही. मग स्नायू एवढे ढिले का पडले, हे कोडं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी सहज विचारलं, कधी परदेशात होता का.

"व्हय, ब्राझीलला. दोन वर्षं."

झुलेखा, म्हणजे त्याची बायको, तेव्हा शेजारी बसली होती. ती सांगते की डॉक्टरांचा चष्मा त्या वेळी खरोखरच खाली पडला.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: चागास. दक्षिण अमेरिकेत सापडणारा एक अतिसूक्ष्म परजीवी. तिकडच्या एका ढेकणासारख्या किड्यातून तो माणसाच्या अंगात शिरतो आणि वीस-वीस वर्षं गुपचूप राहून काहींच्या हृदयाचे स्नायू पोखरतो. कधी तो किडा रात्री चावतो, त्यातून लागण होते. कधी उसाबरोबर चरख्यात चिरडला जातो आणि रसातून पोटात जातो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बाबतीत नक्की काय झालं हे इतक्या वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही. पण इब्राहिमचा निकाल तिथल्या तिथे लागला होता. मी भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून मोठ्या अभिमानाने मला सांगत होता, "बाई, मीच चरखा इतका झकास बसवला, की किडासुद्धा पार पिळून निघाला."

रुग्णालयात त्याची वट मोठी होती. असा पेशंट तिथे आधी कुणी पाहिलाच नव्हता. शिकाऊ डॉक्टरांचे जथे यायचे, छातीला नळी लावून ऐकायचे, एकमेकांकडे पाहून माना हलवायचे. इब्राहिम त्यांना पोर्तुगीजमध्ये सुप्रभात म्हणायचा. एकाने तर त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

पण घरी आल्यावर हसू मावळलं. कंपनीचा नियम सरळ होता. पंपिंग चाळीसच्या खाली असलेल्या माणसाला प्रेसजवळ उभं राहता येणार नाही. इब्राहिमला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. तिथे बसून येणाऱ्याला हातमोजे द्यायचे, बोल्ट द्यायचे, सही घ्यायची. भिंतीपलीकडे चार नंबरची प्रेस दणके देत असायची आणि हा आत बसून मोजे देत असायचा. नव्या फिटरने डाय जरा वाकडी बसवली की त्याला आवाजावरून कळायचं आणि तो खुर्चीत अस्वस्थ व्हायचा. त्याला दुसरं काही नको होतं. चाळीस आकडा हवा होता आणि प्रेस हवी होती.

आणि त्यासाठी तो काय करत होता, तर काहीच नाही. आठवेल तेव्हा गोळ्या घ्यायचा. लोणच्याची बरणी त्याच्या हाताला लगेच सापडायची. संध्याकाळी ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आपल्या हृदयात कीड लागलीय. असं दीड वर्ष गेलं. पंपिंग एकोणतीसच राहिलं.

तेवीस सालच्या दिवाळीआधी डॉक्टर निरंजन यांनी त्याला बोलावलं. कमजोर हृदयावर एका नव्या उपचाराची चाचणी सुरू होत होती. स्टेम सेल. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि बारीक नळीने हृदयात सोडायच्या. त्या तिथे जाऊन दुरुस्ती करतात की नाही, हे अजून कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, तेच पाहायचं होतं. म्हणून मगज सगळ्यांचा काढणार, नळी सगळ्यांना घालणार, पण निम्म्या लोकांच्या हृदयात पेशी जाणार आणि निम्म्यांच्या हृदयात नुसतं सलाइन. कुणाला काय, हे संगणक ठरवणार. पेशंटलाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही कळणार नाही. कुणाला काय मिळालं ते लिहिलेलं बंद पाकीट वर्षाने उघडायचं.

संमतीचा सतरा पानी कागद फरहीनने वाचला. ती ताथवड्याला फार्मसीच्या कॉलेजात आहे, ओळन्‌ ओळ वाचल्याशिवाय सही करू देत नाही. ती परत परत बापाला सांगत होती की अब्बा, याने फायदा होईलच असं नाही. इब्राहिमने ऐकून घेतलं आणि सही केली. मगज काढून आल्यावर तो मला म्हणाला, "बाई, आजवर मी बकऱ्याची नळी खाल्ली. त्यांनी माझीच काढली."

आता सयाजीबद्दल सांगायला हवं. सयाजी हा इब्राहिमचा बालमित्र, माझाच विद्यार्थी, त्याच कंपनीत क्वालिटी तपासणीला. जुन्या कुरुळीतलं घर. शेताच्या तुकड्यावर त्याने तीन मजली खोल्या बांधल्यात आणि त्यात लातूर-नांदेडकडची कामगार पोरं भाड्याने राहतात. सयाजीला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी वाटत नाही. पाकीट उघडायला वर्ष लागणार हे ऐकून त्याला झोप येईना. तो म्हणाला, पाकिटाची काय गरज, मशीनमध्ये काय घातलं ते बाहेर पडलेल्या पीसवरून ओळखू येतं.

मग त्याने इब्राहिमचा चार्ट सुरू केला. कंपनीत दिवसभराच्या पीसची मापं एका रेघेवर ठिपके देऊन मांडतात. वर एक हद्द, खाली एक हद्द, मधल्या रेघेवरून कळतं की मशीन कुठे निघालंय. अगदी तसाच चार्ट. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. रोज संध्याकाळी इब्राहिमने सयाजीच्या खोल्यांचा जिना चढायचा, एक्कावन्न पायऱ्या, आणि सयाजी खाली घड्याळ घेऊन उभा. प्रत्येक मजल्यावर कामगार पोरं दारात येऊन थांबायची. पहिल्या आठवड्यात वर पोचायला पावणेसहा मिनिटं लागली, मध्ये दोनदा बसावं लागलं. दुसऱ्या महिन्यात साडेचार. होळीपर्यंत तीन मिनिटांच्या खाली. वेळ जितका कमी तितका ठिपका वर, असा सयाजीचा हिशेब; रेघ वर-वर निघाली होती आणि तिच्याबरोबर अख्खी आळी.

"सेल लागल्यात," सयाजीने जाहीर केलं. "चार्ट खोटं बोलत न्हाई राव."

त्या वर्षी इब्राहिमला भेटणं म्हणजे जत्रेला जाणं झालं होतं. तो शीळ घालत चालायचा. स्टोअरच्या खिडकीत मोजे देताना समोरच्याला छातीवर हात ठेवायला लावायचा. आळीतल्या पोरांना तो पोर्तुगीजमध्ये एक ते दहा शिकवायचा. सयाजीच्या पुतण्याच्या हळदीत तो नाचला, तेही साधंसुधं नाही. बाजूला उभी राहून झुलेखा दर दोन गाण्यांनी त्याचं मनगट धरायची, ठोके मोजायची आणि सोडून द्यायची. बेंजोवाल्याने तिची ही सवय ओळखून तेवढा वेळ वाजवायचं थांबवायला सुरुवात केली.

शेजारच्या मंजुळाबाई सत्तरीच्या आहेत आणि गुडघ्यांनी बेजार आहेत. त्या रोज कुंपणापाशी येऊन म्हणायच्या, "इब्राहिम, तुझ्यातल्या दोन सेल मला दे ना रे. एकेका गुडघ्यात एकेक." पुढे कुणीतरी त्यांना एक रंगीत पत्रक आणून दिलं, कुठल्याशा दवाखान्याचं. त्यात स्टेम सेलने गुडघे, केस, डोळे, मधुमेह, सगळंच बरं होतं असं छापलेलं. फरहीनने ते वाचून डॉक्टर निरंजन यांना विचारलं. ते म्हणाले, ज्याचा पुरावाच अजून आम्ही शोधतोय ते हे लोक विकतायत, आजींना सांगा की जाऊ नका. मंजुळाबाई गेल्या नाहीत, पण महिनाभर फरहीनवर रुसून होत्या.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच डोळ्यांत भरली नाही. चाचणीत नाव टिकवायचं तर रुग्णालयाने दिलेली एक वही रोज भरावी लागायची. गोळी सकाळी, गोळी रात्री, त्यापुढे खूण. रोज वजन. रोज चालणं. जेवणात मीठ जवळपास नाहीच. वही नीट भरली नाही तर नाव कमी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती वही झुलेखाच्या ताब्यात होती. तिने पापड बंद केले, लोणच्याची बरणी मंजुळाबाईंकडे नेऊन ठेवली आणि ईदच्या बिर्याणीचं नवऱ्यासाठी वेगळं पातेलं लावलं. पहाटे पाचला ती त्याला हलवून उठवायची आणि आळंदी फाट्यापर्यंत चालवून आणायची. तिची आमटी मी एकदा खाल्ली. त्यावर जास्त लिहीत नाही.

वर्ष भरलं. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी यंत्र लावलं, आकडा आला बेचाळीस. एकोणतीसवरून बेचाळीस. झुलेखाने फोन केला तेव्हा ती काय बोलते आहे तेच मला कळेना, मागे सयाजी ओरडत होता. कंपनीच्या डॉक्टरांनी फिटनेसच्या तपासणीला पुढच्या गुरुवारची तारीख दिली.

आणि सयाजीने फ्लेक्स लावला.

आमच्या पिंपरी-चिंचवडकडे काहीही घडलं की चौकात फ्लेक्स लागतो, वाढदिवसापासून दहावीच्या निकालापर्यंत. पण असा फ्लेक्स मी आजवर पाहिलेला नाही. कुरुळीच्या चौकात, दोन खांबांच्या मध्ये, इब्राहिमचा ब्राझीलमधला काळ्या गॉगलचा फोटो. शेजारी हृदयाचं लालभडक चित्र, त्यातून किरणं निघतायत. वर मोठ्या अक्षरांत: 'ब्राझीलच्या किड्यावर कुरुळीचा विजय'. खाली: 'स्टेम सेल उपचार यशस्वी झाल्याबद्दल इब्राहिमभाई मुलाणी यांचे हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांमध्ये चार नंबर प्रेस मित्रमंडळ, समस्त ग्रामस्थ आणि, गोल चौकटीत चष्मा सावरणाऱ्या फोटोसकट, डॉक्टर निरंजन.

डॉक्टरांना त्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी पाठवला. त्यांनी ताबडतोब सयाजीला फोन केला. अहो सयाजीराव, पाकीट अजून उघडलंच नाही, असं ते कळवळून सांगत होते. सयाजीने शांतपणे उत्तर दिलं, "मग उघडा की. वाट कुणाची बघताय?"

पाकीट सोमवारी उघडायचंच होतं. इब्राहिम, झुलेखा, फरहीन आणि बोलावलेलं नसताना सयाजी, असे चौघे गेले. डॉक्टरांनी कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, इब्राहिमभाई, तुम्हांला सलाइन मिळालं होतं. पेशी नव्हत्या.

पहिला बोलला तो सयाजी. त्याने बॅच नंबर मागितला. आमच्याकडं वर्षापूर्वीच्या बोल्टचा बी माग काढता येतो, असं म्हणून त्याने अदलाबदल झाल्याचा संशय तीन प्रकारे मांडला. डॉक्टरांनी रागावून न जाता त्याला सगळे कागद दाखवले. अदलाबदल नव्हती. इतकंच नाही, आतापर्यंत जेवढी पाकिटं उघडली त्यांत पेशीवाले आणि सलाइनवाले यांच्यात फरक फारसा दिसत नाही, असंही त्यांनी सांगितलं. बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला. त्यांनीही मनात बरीच आशा धरली असणार.

मग पंपिंग कशाने वाढलं, असं फरहीनने विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घेतल्या, चालणं ठेवलं, मीठ सोडलं, त्याने. या गोळ्या चांगल्याच आहेत, फक्त घ्याव्या लागतात. स्नायूंवरचे डाग तसेच आहेत, ते जाणार नाहीत, पण उरलेला स्नायू आता नीट काम करतोय.

इब्राहिमने यातलं काही ऐकलं की नाही, मला शंका आहे.

मंगळवारी संध्याकाळी मी पेढे घेऊन रहाटणीच्या माझ्या घरून कुरुळीला गेले. मला बेचाळीसची बातमी होती, पाकिटाची नव्हती. सयाजीच्या जिन्यापाशी गर्दी होती, पण आवाज नव्हता. इब्राहिम पहिल्या मजल्यापाशी पायरीवर बसला होता, छातीवर हात, तोंड उतरलेलं. सयाजीच्या हातातलं घड्याळ चार मिनिटांच्या पुढे गेलं होतं आणि अजून दोन मजले बाकी होते. वर्षभरातला सगळ्यात खालचा ठिपका. परवा गुरुवार. तिथे यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून बघणार होते.

"व्हत न्हाई," इब्राहिम म्हणाला. "काल पतुर वाटायचं आत कायतरी काम करतंय. आता आत कोणच न्हाई."

सयाजीने घड्याळ खिशात ठेवलं. मी पेढ्यांची पिशवी पदराआड घेतली. तेवढ्यात मागून झुलेखा आली. सोमवारपासून ती गप्प होती, आणि गप्प राहून ती काय करत होती ते आता कळलं. ती विचार करत होती.

"सलाइन म्हंजे मिठाचं पाणी ना?" तिने फरहीनला विचारलं. फरहीनने मान हलवली. मग ती नवऱ्याकडे वळली. "वर्षभर तुमच्या ताटात चिमूटभर मीठ पडू दिलं न्हाई मी. बरणी घराबाहेर काढली. ईदला माझ्या हातानं अळणी बिर्याणी केली, सासरच्या लोकांनी तोंडं वाकडी केली ती पाहिली. आणि ह्या शिकल्यासवरल्या लोकांनी तेच मीठ नळी घालून थेट काळजात ओतलं."

एक-दोन पोरांनी तोंडावर हात ठेवले.

"बरं, ओतलं तर ओतलं," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "पण मग पंपिंग वाढवलं कुणी? पहाटे पाचला तुमचं पांघरूण ओढायला सेल येत होत्या का? गोळ्यांच्या वहीत खुणा सेलनं केल्या? साऱ्या गावानं सेलचं नाव घेतलं. चौकात बोर्ड लागला. त्या डॉक्टरचा फोटो, मित्रमंडळाचं नाव. माझ्या आमटीला एका माणसानं शाबास म्हटलं न्हाई. आणि आता म्हणं आत कोणच न्हाई."

एवढं बोलून ती त्याच्या बाजूने पदर सावरत जिना चढून थेट गच्चीकडे निघून गेली.

मंजुळाबाई खाली ओट्यावर बसल्या होत्या, तिथून त्यांचा आवाज आला, "खरं हाय तिचं. ती आमटी चाखलीय मी. ती रोज खायला वाघाचं काळीज लागतंय."

पहिल्यांदा इब्राहिमच्या खांद्यांना काहीतरी झालं. मी घाबरले. मग कळलं की तो हसतोय. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आवाज करून. सगळा जिना हसायला लागला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारत होतं की काय झालं, त्याला सांगताना सांगणारा हसत होता. इब्राहिम कठडा धरून उठला, "झुलेखा, ऐक तरी," असं म्हणत वर निघाला. दुसऱ्या मजल्यावर पोरांनी वाट दिली. तो बोलतच चढत होता, की मी असं कधी म्हटलं, मी आमटीला नावं ठेवली का, बोर्ड मी लावला का, सयाजीने लावला. त्याचा आवाज वर-वर जात राहिला आणि मग गच्चीच्या दाराची कडी वाजली.

खाली सगळे माना वर करून उभे होते. सयाजीने खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तो वेळ लावायला विसरला होता. तो ठिपका चार्टवर नाही, आणि याची हळहळ त्याला अजून आहे.

गच्चीवर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. खाली उतरताना झुलेखा पुढे होती, इब्राहिम मागे. दोघांचे चेहरे अगदी गंभीर होते. पेढे मी वाटून टाकले. इब्राहिमला अर्धा दिला, तोही झुलेखाला विचारून.

बुधवारी सकाळी चौकात फ्लेक्स तसाच होता, पण 'स्टेम सेल उपचार' या शब्दांवर पांढरा कागद चिकटवलेला आणि त्यावर सयाजीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'झुलेखाभाभींची अळणी आमटी'. डॉक्टरांच्या गोल फोटोवरही कागद लावला होता. दुपारी डॉक्टर निरंजन स्वतः फ्लेक्स काढून टाका म्हणायला आले. त्यांनी फ्लेक्स वाचला, बराच वेळ पाहिला, आणि काढायला सांगायचं विसरून त्याचा फोटो घेऊन गेले. जाताना ते इब्राहिमला म्हणाले की तुमचं नाव आता आमच्या कागदावर सलाइनच्या रकान्यात कायमचं राहील. इब्राहिमला वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, शॉपमध्येसुद्धा नवीन पीस चांगला का वाईट हे ठरवायला शेजारी एक जुना पीस ठेवावाच लागतो. तो नसला तर कुणीही काहीही चांगलं म्हणून खपवेल. "मी तो पीस," असं तो मला छाती पुढे काढून सांगत होता.

गुरुवारी कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला पट्ट्यावर चालवलं. पट्ट्याचा वेग वाढला, चढ वाढला. झुलेखा काचेबाहेर उभी होती. इब्राहिम चालत होता आणि मध्येच तिच्याकडे पाहून हसत होता, त्यावर आतल्या डॉक्टरांनी त्याला समोर बघायला सांगितलं. पुन्हा यंत्र लावलं, बेचाळीसच आलं. कागदावर लिहून मिळालं: प्रेस शॉपमध्ये कामास योग्य. रात्रपाळी नाही, जड उचलायचं नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. इब्राहिमने कागद घडी न घालता घरी आणला.

सोमवारी त्याची पहिली शिफ्ट. मी आदल्या दिवशीच कुरुळीला मुक्कामाला आले होते. सकाळी झुलेखाच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा घेत बसलो होतो, मंजुळाबाईही होत्या. फरहीन कॉलेजला निघायच्या तयारीत होती. शॉपमध्ये मोबाइल नेता येत नाही, पण सयाजीला पत्र्याचे फोटो काढायला कंपनीचा फोन असतो. नऊच्या सुमाराला त्यावरून फोन आला. झुलेखाने स्पीकर लावून फोन परातीला टेकवून ठेवला. आधी नुसता गोंगाट. मग सयाजी ओरडून म्हणाला की डाय इब्राहिमनेच बसवली, दोन तास घासत होता, नवे फिटर हात बांधून बघत होते, आता पहिला पीस काढतोय, नीट ऐका.

मग दणका आला. खोल, एकसंध, जमिनीतून आल्यासारखा. मंजुळाबाईंचा चहा हिंदकळला की त्या दचकल्या म्हणून हिंदकळला, माहीत नाही. दुसरा दणका. तिसरा. मध्ये कुठे खडखड नाही. नंतर खूप लोकांचा हसण्याचा आवाज आणि त्यातून फोनच्या अगदी जवळ आलेला इब्राहिम.

"झुलेखा, ऐकलंस का?"

झुलेखाने पदराने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "नऊ वाजून गेले. गोळी घ्या."